चापडा चटणी: बस्तरच्या तांबड्या मुंग्यांची चटणी कशी घ्यावी, कशी वाटावी, कशाबरोबर खावी

छत्तीसगडमधल्या बस्तरला जाऊन आलेली माणसं मुंग्यांच्या चटणीचा विषय काढतात आणि बहुतेकांची गोष्ट ‘मी खाल्ली!’ एवढ्यावरच संपते. ती कशी लागली, कशाबरोबर खातात, मुंग्या निवडतात कशा, हे कोणी सांगत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. चापडा ही रोजच्या जेवणातली आंबट-तिखट चटणी आहे. ती हिंमत दाखवायला खायची नसते, आणि नाचणीच्या पेजेशिवाय ती अर्धीच कळते. मी ती तोकापालच्या आठवडी बाजारात विकायला बसणाऱ्या बायकांकडून आणि जगदलपूरच्या एका घरी पाट्यावर बसून शिकले. तिथे जे समजलं ते क्रमाने सांगते.

१. आधी मुंगी ओळखा

दिसली तांबडी मुंगी की झाली चटणी, असं नाही. घरात साखरेला लागणाऱ्या किंवा अंगणात वारूळ करणाऱ्या बारीक लाल मुंग्या यासाठी चालत नाहीत. चटणीची मुंगी एकच, शास्त्रीय नाव ईकोफायला स्मॅराग्डिना. रंग नारिंगी-तांबूस, पाय लांब, मोठी कामकरी मुंगी साधारण एक सेंटिमीटरची. ती जमिनीत राहत नाही, झाडावर हिरव्या पानांचं घरटं करते. साल, आंबा, जांभूळ, कुसुम अशा झाडांवर चेंडूएवढी ते घागरीएवढी पानांची गाठोडी लटकलेली दिसली, तर ती हिचीच. कोकणात आंबा-काजू उतरवताना कडकडून चावते तीही हीच.

घरटं बांधताना पाहायला मिळालं तर थोडं थांबा. एकमेकींच्या कमरेला धरून मुंग्या साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढून धरतात. मग दुसऱ्या मुंग्या जबड्यात अळी धरून येतात आणि विणकराच्या धोट्यासारखी ती या कडेकडून त्या कडेकडे फिरवतात. अळीच्या तोंडून रेशीम निघतं आणि पानं शिवली जातात. या मुंगीच्या अळ्या आपलं रेशीम असं घरट्यालाच देऊन टाकतात, म्हणून त्यांचे कोष उघडे, बिनवेष्टनाचे असतात. बाजारात ‘अंडी’ म्हणून जे पांढरे दाणे मिळतात ते बहुतेक या अळ्या आणि कोषच असतात. चटणीला थोडा लोण्यासारखा मऊपणा येतो तो त्यांच्यामुळे.

आंबटपणा येतो फॉर्मिक आम्लातून. मुंगी चावते आणि चाव्यावर पोटाच्या टोकातून हे आम्ल फवारते, म्हणून आग होते. तेच आम्ल पाट्यावर चिंचेचं काम करतं.

२. कधी आणि कुठे जायचं

कामकरी मुंग्या वर्षभर असतात. पण पांढरे दाणे भरपूर हवे असतील तर उन्हाळ्यात जा, होळीनंतर पावसाच्या आधीपर्यंत. तेव्हा घरट्यांत पंख फुटणाऱ्या माद्यांचे मोठे, टपोरे दाणे असतात. पावसाळ्यात चटणी मिळते, पण ती जास्त आंबट आणि जरा कोरडी लागते.

मुक्काम जगदलपूरला करा. नागपूरहून रायपूर आणि तिथून धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव असा रस्ता. रायपूर ते जगदलपूर साधारण ३०० किलोमीटर आहे. केशकालचा घाट चढलात की बस्तरचं पठार सुरू होतं. विशाखापट्टणमकडून येणार असाल तर अरकूवरून येणारी किरंदुलची रेल्वे जगदलपूरला थांबते, आणि त्या प्रवासातला डोंगर दिवसाउजेडी पाहण्यासारखा आहे.

चटणीसाठी आठवडी बाजार गाठावा लागतो. तोकापाल, लोहंडीगुडा, दरभा हे जगदलपूरहून सहज जाऊन येण्यासारखे. प्रत्येक बाजाराचा वार ठरलेला असतो. तो आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून पक्का करा, कारण सणावारामुळे मागेपुढे होतो. दुपारच्या सुमारास बाजार भरात येतो आणि ऊन उतरायला लागलं की लोक गावची वाट धरतात. तुम्हीही अंधाराच्या आत परता. आतल्या गावांना, विशेषतः अबुझमाड या डोंगराळ जंगलभागाच्या बाजूला, ओळखीच्या स्थानिक माणसाशिवाय जाऊ नका.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- ओळखपत्र (मुक्कामाला लागतं, रस्त्यात तपासणी झाली तरी लागतं)
- दहा-वीस-पन्नासच्या सुट्ट्या नोटा. आत गेल्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही
- घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि एक सुती फडकं
- पूर्ण बाह्यांचे कपडे
- ॲलर्जीची गोळी, डॉक्टरांना विचारून घेतलेली

३. बाजारात घेताना

चापडा विकणाऱ्या बायका बहुधा भाजीच्या रांगेच्या टोकाला बसतात. समोर फडक्यावर किंवा सुपात मुंग्यांचा ढीग आणि बाजूला सालाच्या पानांचे, काडीने टाचलेले दोने, म्हणजे आपले द्रोण. जवळ गेलात की आधी वास येतो, शिरक्याचं झाकण उघडल्यासारखा, नाकात थेट शिरणारा. हा वास हीच ताजेपणाची खूण. वास मंद असेल, किंवा आंबट सोडून कुबट येत असेल, तर पुढे चला. ढिगात काही मुंग्या अजून वळवळत असतात, ते चांगलंच. पांढरे दाणे टपोरे हवेत. पिवळट, चपटे झालेले नकोत.

विकणारीला ‘दीदी’ म्हणा. हिंदी चालते. हलबी ही तिथली बोली बोलणाऱ्या बायका भेटल्या तर त्यांच्या बोलण्यातलं ‘काय’ आणि ‘चो’ ऐकून मराठी कानाला घरचं वाटेल. एक-दोन दोने घ्या आणि घासाघीस करू नका. एका घरट्यासाठी कोणीतरी झाडावर चढलेलं असतं, अंगभर चावे घेतलेले असतात, मग ते सगळं पाखडून, डोक्यावरून बाजारात आणलेलं असतं. पाच रुपये कमी करण्याची ही जागा नाही.

सगळ्यांचा पाय अडकतो तो इथे: फोटो. न विचारता मोबाइल समोर धरला की बाई तोंड फिरवते आणि त्याबरोबर तुमची सगळी शिकवणीही जाते. आधी घ्या, पैसे द्या, दोन गोष्टी विचारा, मग फोटोचं विचारा. नाही म्हणाली तर नाही. आणि जिवंत मुंग्या जिभेवर ठेवून चित्रफिती काढण्याचा जो प्रकार चालतो, तो कृपा करून करू नका. तिथलं कोणी असं खात नाही. शिवाय जिभेला चावलेली मुंगी सहज सुटत नाही.

काही जणी वाटलेली चटणीही विकतात. पहिल्यांदा चव पाहायची तर तीच दोन्यात घ्या आणि बोटाच्या टोकावर घेऊन सुरुवात करा.

४. खाण्याआधी हे वाचाच

कोळंबी, खेकडा, शेवंड यांची ॲलर्जी असेल तर ही चटणी खाऊ नका. त्यांच्या अंगातलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन कीटकांतही असतं आणि शरीर दोन्हींवर सारखंच उठू शकतं. मुंगी किंवा मधमाशी चावल्यावर ज्यांना धाप लागते, अंग सुजतं, त्यांनीही टाळावी. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी अर्ध्या चमच्यावर थांबावं.

औषध म्हणून खाऊ नका. ताप आला की मुंग्यांकडून चावून घेणं किंवा ही चटणी खाणं ही तिथली जुनी रीत आहे आणि लोक ती मनापासून सांगतात. पण ती रीत म्हणून ऐकावी. कोविडच्या काळात या चटणीचा उपचारात समावेश करावा अशी मागणी ओडिशातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २०२१ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली.

५. निवडणं आणि साफ करणं

मुक्कामी आल्यावर डबा लगेच उघडू नका. मुंग्या जिवंत असतील तर डबा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गावात हे काम पाण्याने किंवा कडक उन्हाने होतं, पण पाण्यात आंबटपणा उतरतो, म्हणून शहरी घरात मला फ्रीजर बरा वाटतो.

मग सुपात घेऊन हलकं पाखडा. पानांचा चुरा, रेशमाचे धागे, सालीचे तुकडे पुढे येतात. ते काढल्यावर पांढऱ्या कापडावर पसरा आणि उरलेलं हाताने वेचा: काळ्या मुंग्या, छोटे कोळी, इतर किडे. घरट्यात इतर जीवही राहतात, त्यामुळे हे वेचणं टाळू नका. दाणे नाजूक असतात. दाबले तर फुटून कापडाला चिकटतात, म्हणून बोटांच्या चिमटीने उचला. तोंड ढिगावर वाकवू नका, वास डोळ्यांना झोंबतो. हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

बाजारातल्या चटणीत मुंग्या कच्च्याच वाटलेल्या असतात. तुमच्याकडच्या मुंग्या तोडल्यापासून बरेच तास गेलेले असतील, म्हणून मंद आचेवर कोरड्या तव्यात एक-दोन मिनिटं फिरवून घ्या. त्याहून जास्त नको. फॉर्मिक आम्ल साधारण १०० अंशांच्या आसपासच उडून जातं. मुंग्या खरपूस भाजल्या तर हातात नुसती कुरकुरीत टरफलं राहतील.

६. वाटणं

चार जणांना पुरेल असं:

- निवडलेल्या मुंग्या, दाण्यांसकट: एक लहान वाटी
- हिरव्या मिरच्या: ४–५
- लसूण: ६–८ पाकळ्या
- आलं: एक इंच
- कोथिंबीर: मूठभर
- मीठ: अर्धा चमचा, मग चवीने

पाटा-वरवंटा असेल तर उत्तम, नाहीतर दगडी खलबत्ता. आधी मिरच्या, लसूण, आलं आणि मीठ जाडसर वाटा. मीठ आधी घातल्याने मिरची नीट फुटते. मग कोथिंबीर. मुंग्या शेवटी घाला आणि आठ-दहा वेळा वरवंटा पुढेमागे करा, बस. पार गंध करू नका. चटणीत अधूनमधून मुंगी दाताखाली आली पाहिजे. पाणी घालू नका, दाण्यांचा ओलावा पुरतो. मिक्सरच वापरायचा असेल तर बटण दाबून लगेच सोडा, असं तीन-चारदा. सलग फिरवला तर चटणी गरम होते आणि कडवट लागते.

लिंबू किंवा चिंच घालू नका. चव येणार नाही या भीतीने नवखे लोक घालतात आणि मग मुंगीचा आंबटपणा ओळखूच येत नाही. तो लिंबासारखा सरळ नसतो. आधी जिभेच्या कडांना लागतो, मग नाकात चढतो आणि लगेच विरतो. टोमॅटो घालणारी घरं आहेत. घालायचा तर निखाऱ्यावर भाजून, एकच. तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ही चटणी ठेवू नका, आम्ल धातूला लागतं. काच, चिनीमाती, स्टील किंवा पान.

७. पेज करा, नाहीतर चटणी अर्धी राहील

मंडिया म्हणजे आपली नाचणी. तिचं पीठ रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवा, सकाळपर्यंत हलकं आंबतं. भांड्यात पाणी उकळून त्यात मूठभर तांदळाची कणी शिजवा. कणी मऊ झाली की आंबवलेलं पीठ ढवळत ओता, दहाएक मिनिटं शिजवा आणि पूर्ण निवू द्या. पातळच ठेवा, प्यायची असते. आपल्याकडे नाचणीची आंबील करणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही.

पठारावर शेतात, जंगलात जाणारी माणसं ही पेज तुंब्यात, म्हणजे वाळवून पोखरलेल्या दुधी भोपळ्यात, भरून नेतात. उन्हातसुद्धा ती त्यात गार राहते. दुपारी सावलीला बसून पानाच्या दोन्यात पेज ओतायची आणि चटणी बोटाने चाटायची. पेज जवळजवळ अळणी, चटणी मिठाने, तिखटाने, आंबटाने भरलेली. घामाने अंगातलं मीठ गेलेल्या माणसाला हे जेवण काय देतं, ते मे महिन्यात बाजार फिरून आल्यावर एकदा बसून बघा.

८. पठाराची आंबट जीभ

चापड्यावरच थांबू नका. बस्तरच्या स्वयंपाकात आंबट चवीला मोठा मान आहे. चिंच तर इथलं मोठं वनोपज. उन्हाळ्यात घराघरांत चिंच फोडणं चाललेलं दिसतं. अमारी म्हणजे आपली अंबाडी, विदर्भातल्या माणसाला ती ताटात भेटली की बरं वाटतं. बांबूच्या कोवळ्या कोंबाला बास्ता म्हणतात. बास्ता, भाज्या आणि तांदळाचं पीठ लावून केलेलं पातळ ‘आमट’ मिळालं तर नक्की खा. पावसाच्या पहिल्या सरींनंतर सालाच्या जंगलात जमिनीखालून ‘बोडा’ निघतो, सुपारीएवढी गोल अळंबी. त्या दिवसांत बाजारात तिचा भाव मटणाच्या वर गेलेला असतो आणि तरी दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या होतात.

प्यायला सल्फी. कोकणात ज्याला भेरली माड म्हणतात त्याच झाडाचा हा रस. पहाटे उतरवलेला गोडसर, दुपारी आंबलेला आणि चढणारा. सल्फीचं झाड घरच्या संपत्तीत मोजतात. तांदूळ आंबवून केलेला लांदा आणि मोहाची दारूही बाजारात असते. कोणी आग्रहाने देऊ केलं आणि प्यायचं नसेल तर दोना कपाळाला लावून परत द्या. बाजारातल्या मोहाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कोणी गाळली हे माहीत नसेल तर पिऊ नका.

हीच मुंगी इतर डोंगराळ मुलखांतही पानात येते. झारखंडात तिला देमता म्हणतात. ओडिशातल्या मयूरभंजमध्ये ती काई, आणि तिथल्या सिमिलिपालच्या काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन मयूरभंजच्या चटणीचं आहे, बस्तरच्या चापड्याचं नाही. काही ठिकाणी दोन्हींची सरमिसळ करून सांगतात, म्हणून लक्षात ठेवा.

९. घरटं स्वतः काढायचं का?

माझं उत्तर नाही असं आहे. कांगेर घाटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हात लावायलाच मनाई आहे. बाहेरच्या जंगलातल्या गौण वनोपजावर २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथे राहणाऱ्या लोकांचा हक्क मानला आहे. पाहुण्याने त्यात वाटा मागू नये.

जाणत्या माणसाबरोबर बघायला जरूर जा. एका वसाहतीची अनेक घरटी असतात, कधी शेजारच्या झाडांवरही पसरलेली, आणि राणी त्यातल्या एकाच घरट्यात असते. काढणारे सगळी घरटी घेत नाहीत. राहिलेल्या मुंग्या पुन्हा पानं ओढू लागतात आणि झाड पुढच्या वर्षीही देतं. नवखा माणूस अंदाजाने कोयता चालवतो आणि राणीचंच घरटं गेलं तर सगळी वसाहत संपते.

स्वतःच्या आमराईत किंवा काजूच्या बागेत या मुंग्या असतील तर दोन गोष्टी. फवारणी झालेल्या झाडावरची मुंगी कधीही खाऊ नका. आणि त्यांचा सरसकट नायनाटही करू नका: काजूवरच्या ढेकण्यासारख्या किडींना ही मुंगी आवरते. दक्षिण चीनमध्ये संत्र्या-लिंबांच्या बागांत तिची घरटी मुद्दाम आणून बांधण्याची रीत सतराशे वर्षांपूर्वीच्या लिखाणात सापडते.

१०. साठवण

ओली चटणी त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक, पुढे लसूण वर येतो आणि आंबटपणा बसतो. घरी न्यायची असेल तर ओली चटणी नेऊ नका, मुंग्या न्या. निवडलेल्या मुंग्या कापडावर पातळ पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवा, वरून जाळीचं झाकण घाला. बोटांत चुरल्या पाहिजेत. काचेच्या बरणीत भरा. लागतील तेव्हा सुकी लाल मिरची, लसूण आणि मिठाबरोबर कुटा. ही कोरडी चटणी ताज्याइतकी धारदार नसते, पण तांदळाच्या भाकरीबरोबर आणि कुळथाच्या पिठल्याबरोबर छान लागते. बरणीला ओला चमचा लागू देऊ नका.

११. गडचिरोलीकडून

बस्तरला जाणं जमत नसेल तर आपल्याच राज्यात, गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया आदिवासी घरांत, ही चटणी होते. इंद्रावती नदीच्या दोन्ही काठांवर माडिया राहतात, खाणंही तेच. फरक इतका की इथे ती तुम्हाला बाजारापेक्षा घरात भेटेल, म्हणून ओळख लागते. आधी कळवा, रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि समोर आलेलं सगळं थोडं थोडं खा. मार्च ते मे हा काळ बरा; पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडत आला आहे.